एमएसआय बी५५०एम प्रो-व्हीडीएच वायफाय: डीटीपीच्या दुकानासाठी घरी जोडलेला पहिला कॉम्प्युटर

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, निपाणीत आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या. मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत काम चालतं. या दुकानासाठी मी स्वतः सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला आणि त्यात एमएसआयचा बी५५०एम प्रो-व्हीडीएच वायफाय हा मदरबोर्ड, म्हणजे बाकी सगळे भाग ज्यात बसतात तो मुख्य बोर्ड, बसवला. तुळशीच्या लग्नानंतरची सगळी लग्नसराई त्याच्यावर काढली. आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

ज्यांच्याकडे जुना मॉनिटर, जुना कीबोर्ड, जुनी हार्ड डिस्क आणि डीडीआर४ रॅम शिल्लक आहे, ज्यांचं काम ऑफिसचं, डीटीपीचं, टॅलीचं आहे आणि जे पहिल्यांदाच कॉम्प्युटर जोडणार आहेत, त्यांनी हा बोर्ड बिनधास्त घ्यावा. गेमिंगसाठी किंवा दर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर हा घेऊ नका.

नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागला, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनमध्ये दुसऱ्या पिढीचा आय३ होता, एच६१ चा बोर्ड आणि डीडीआर३ रॅम. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे जुन्यात काही अदलाबदल करून भागण्यासारखं नव्हतं. शिवाय पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम २०२४ मध्ये आल्यापासून पाट्यांची कामं वाढलीत आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या मापाची फाइल उघडली की जुनं मशीन गप्प बसायचं.

तयार असेंबल केलेला सेट का घेतला नाही, हेही सांगते. चार दुकानांतून कोटेशन आणा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रोसेसरचं नाव पूर्ण असतं, रॅम किती ते असतं, एसएसडी किती जीबीची ते असतं. आणि बोर्डाच्या ओळीत नुसतं ‘मदरबोर्ड’ लिहिलेलं असतं. कंपनी नाही, मॉडेल नाही. एका दुकानात विचारलं तर म्हणाला, “चांगला आहे की अक्का, बिनघोर घ्या.” बाकी सगळं ज्यात बसतं, त्याचंच नाव सांगायचं नाही हे मला पटत नाही. आमच्या भागात एच६१ आणि एच८१ चे बोर्ड अजून ‘नवीन’ म्हणून खोक्यातून विकले जातात. बोर्ड नवा बनवलेला असतो हे खरं, पण एच६१ ही २०११ ची चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) आहे आणि एच८१ ही २०१३ ची. त्यावर बसणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. तीन-चार हजारांत बोर्ड मिळतो म्हणून घेतलेला सेट आज चालेल, पण घेतला त्याच दिवशी तो मागच्या जमान्यातला असतो. कोटेशनवर बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

निवड कशी केली ते थोडं सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा घेणारा माणूस इथंच अडकतो. इंटरनेटवर बोर्डांची तुलना बघायला गेलं की व्हीआरएम, आरजीबी, ओव्हरक्लॉकिंग यांतच डोकं फिरतं. मी एका कागदावर दुकानात आधीच काय काय आहे, ते उतरवलं. मॉनिटर दोन, त्यातला एक निळ्या पिनचा म्हणजे व्हीजीए. कीबोर्ड गोल पिनचा. त्याच्यावर माझा हात रेमिंग्टन लेआउटनं इतकी वर्षं बसलाय की तो बदलणं म्हणजे टायपिंगचा वेग घालवणं. गिऱ्हाइकांच्या जुन्या पत्रिकांच्या फाइल असलेली साटा हार्ड डिस्क. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक, जे कायम मागच्या बाजूला लावलेलं असलं पाहिजे. दोन प्रिंटर. भिंतीतून आलेली लॅनची केबल. आणि माझ्या भाच्यानं स्वतःचा पीसी बदलल्यावर उरलेल्या ८-८ जीबीच्या डीडीआर४ रॅमच्या दोन स्टिक.

या कागदानं निम्मं काम केलं. रॅम डीडीआर४ असल्यामुळे एएमडीचं नवं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) बाद झालं, कारण त्यात फक्त डीडीआर५ चालते. उरलं एएमडीचं जुनं एएम४, नाहीतर इंटेलचं एलजीए १७००, ज्यात डीडीआर४ चे बोर्डही मिळतात.

भाचा बेळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं वेगळं. “मावशी, एएम५ घेऊया की. एएमडीनं २०२७ पर्यंत आणि पुढंही ते सॉकेट चालवणार म्हणून सांगितलंय. एएम४ आता संपलं.” तो बरोबर बोलत होता. एएम४ वर आता मोठा नवा प्रोसेसर येणार नाही. पण त्याच सुमारास रॅमचे भाव चढायला लागले होते आणि डीडीआर५ च्या दोन स्टिक घेणं म्हणजे हातातल्या चांगल्या रॅमवर पाणी सोडायचं आणि वर तेवढेच पैसे पुन्हा घालायचे. आणि आमच्या दुकानात कॉम्प्युटर एकदा बसला की आठ-दहा वर्षं हलत नाही. मला पुढच्या प्रोसेसरची वाट मोकळी ठेवून काय मिळणार होतं? तोच पैसा चांगल्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणारा डबा) आणि एसएसडीमध्ये घातला.

इंटेलच्या बाजूनं एच६१० चा बोर्ड दाखवला होता. स्वस्त आहे आणि त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर व्हीजीएही असतं. पण त्याला साधारणपणे रॅमचे दोनच स्लॉट असतात. माझ्या दोन स्टिकनं ते दोन्ही भरले असते आणि पुढं रॅम वाढवायची तर आहे ती काढून टाकावी लागली असती. या एमएसआय बोर्डाला चार स्लॉट आहेत. दोन भरले, दोन मोकळे. माझ्यासाठी निकाल तिथंच लागला. मागच्या बाजूला व्हीजीए, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट तिन्ही आहेत, गोल पिनचं पोर्ट आहे, साटाची चार पोर्ट आहेत आणि एम.२ एसएसडीसाठी दोन जागा. कागदावरची एकही वस्तू अडगळीत गेली नाही. दहा हजारांच्या आत बोर्ड मिळाला.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. इथं एक अक्षर फार महत्त्वाचं आहे. ५६०० आणि ५६००जी हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत. ‘जी’ असलेल्यात ग्राफिक्स आतच असतं. साध्या ५६०० मध्ये नसतं, आणि मग बोर्डावरची व्हीजीए, एचडीएमआय सगळी पोर्ट मेलेली असतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड घालेपर्यंत स्क्रीनवर काही येत नाही. इंटेलमध्ये हेच ‘एफ’ या अक्षरानं होतं: १२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. दुकानदार “हा थोडा स्वस्त पडतोय” म्हणून दुसरा पुढं करतो. खोक्यावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बी५५० बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ४.० ची (एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड ज्या वाटेनं चालतात तिची चौथी पिढी) जाहिरात असते, पण ५६००जी हा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस ३.० वरच चालतो. त्यामुळे महागडी चौथ्या पिढीची एसएसडी घेतली तरी ती तिसऱ्या पिढीच्या वेगानं पळणार. माझ्या कामात तो फरक जाणवत नाही, म्हणून मी एसएसडी साधी घेतली आणि ते पैसे वाचवले.

आता जोडणी. बोर्ड खोक्यातून काढून त्याच खोक्यावर, पुठ्ठ्यावर ठेवला आणि कॅबिनेटमध्ये घालण्याआधी प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तिथंच बसवली. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. सॉकेटचा दांडा वर करायचा, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता सोडायचा. तो आपल्या वजनानं खाली बसतो. बोटानं दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय. पिन वाकली तर कंपनी वॉरंटीत घेत नाही, मग ती प्रोसेसरची असो की इंटेलच्या बोर्डातल्या सॉकेटची.

सगळ्यात सांभाळून करायचं काम पंख्याचं. ५६००जी बरोबर येणारा पंखा चार स्क्रूंनी बसतो, पण बोर्डावर आधीपासून दोन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या आधी सोडवाव्या लागतात. त्या सोडवल्या की बोर्डाच्या पाठीमागची लोखंडी प्लेट सुटी होऊन खाली पडते. नवखा माणूस इथं घाबरतो, काहीतरी मोडलं असं वाटतं. मोडलेलं काही नसतं. एका हातानं पाठीमागून प्लेट धरायची आणि पंख्याचे स्क्रू कोपऱ्याला कोपरा असे थोडे थोडे आवळायचे. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घालायचा नाही, पंखा तिरका बसतो. आणि पुढं कधी पंखा काढायची वेळ आली तर कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करून घ्या, बंद करून वायर काढा, आणि पंखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर पंख्याखालच्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. एएम४ ची ही खोड सगळ्या मेकॅनिकांना माहीत आहे.

रॅमच्या दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालायच्या. शेजारी शेजारी घातल्या तर दोन्ही एकाच वाटेनं चालतात आणि ग्राफिक्स रॅमवरच अवलंबून असल्यामुळे कोरल, फोटोशॉप दोन्ही मंदावतात. याच कारणासाठी १६ ची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या.

कॅबिनेटमध्ये बोर्ड घालण्याआधी मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी आतून बसवून घ्यावी लागते, या बोर्डाला ती वेगळी येते. आणि कॅबिनेटमधले पितळी खांब मोजून बघा: बोर्डाला भोक जिथं आहे तिथंच खांब हवा. जादाचा एखादा खांब बोर्डाखाली राहिला तर शॉर्ट होऊ शकतो. पॉवर बटण, रिसेट आणि दिव्यांच्या बारीक वायरी जेएफपी१ नावाच्या पिनांवर जातात. पिनांचा नकाशा पुस्तकात आहे. ट्यूबलाइट पुरत नाही, मोबाइलचा टॉर्च कुणालातरी धरायला सांगा.

या बोर्डाची जी गोष्ट मला मनापासून आवडली, ती मागच्या बाजूचं फ्लॅश बायोस बटण. बायोस म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर. बोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल तर त्यातला बायोस जुना असतो आणि ५६००जी ओळखत नाही. दुसऱ्या एखाद्या बोर्डावर मग जुना प्रोसेसर उसना आणून बायोस अपडेट करत बसावं लागतं, आणि निपाणीत तसा प्रोसेसर उसना देणार कोण? इथं प्रोसेसर नसला तरी चालतं. कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलची फाइल उतरवायची, तिचं नाव एमएसआय डॉट रॉम असं इंग्रजीत करायचं, फॅट३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकायची, ठरलेल्या यूएसबीत लावायची, एसएमपीएसची मोठी आणि छोटी दोन्ही वायर जोडायची आणि बटण दाबायचं. बटणाजवळचा लाल दिवा लुकलुकत राहतो. विझेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी यूपीएसवर लावूनच केलं, कारण आमच्याकडे आभाळ भरून आलं की वीज कधी जाईल सांगता येत नाही. मध्येच वीज गेली तरी त्याच बटणानं पुन्हा फ्लॅश करता येतं, हा मोठा आधार आहे.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी असते तेव्हा काय चाललंय हे सांगायला बोर्डावर चार बारीक दिवे आहेत: सीपीयू, ड्रॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहील तिथं अडलंय असं समजायचं. ड्रॅमचा दिवा पहिल्या वेळेला थोडा रेंगाळतो, रॅमची ओळख करून घेत असतो, तेवढा धीर धरा. तो विझलाच नाही तर रॅम काढून पुन्हा दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. घरी जोडणाऱ्याला शेजारी मेकॅनिक नसतो. हे चार दिवे मला महागड्या रंगीत लाइटिंगपेक्षा कितीतरी मोलाचे वाटतात.

बायोसमध्ये तीन गोष्टी बघून घ्या. ए-एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावर चालत राहते. टीपीएम चालू आहे का तपासा, विंडोज ११ साठी. आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज गेल्यावर परत आली की मशीनने काय करायचं ते ठरवता येतं. मी तिथं बंदच राहू दे असं ठेवलंय, कारण आमच्याकडे वीज येते ती एकदाच येऊन थांबत नाही, दोन-तीन झटके देऊन येते.

लग्नसराईत अनुभव चांगला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी पत्रिका, त्यात गणपती आणि नवरा-नवरीचे फोटो, शिवाय प्रेसला पाठवायची पीडीएफ. सोबत ब्राउझर आणि व्हॉट्सॲप उघडं. १६ जीबीत हे सगळं नीट चालतं. दोन्ही मॉनिटर लावून काम करते, एकावर मजकूर आणि दुसऱ्यावर गिऱ्हाइकानं पाठवलेला हातानं लिहिलेला कागद. मोठ्या फ्लेक्सच्या फाइलीला मात्र रॅम वाढवावीशी वाटते. विंडोजमध्ये १६ जीबी पूर्ण वापरायला मिळत नाही, त्यातला थोडा भाग ग्राफिक्स घेतं, हेही हिशेबात धरा.

आता उणिवा. माझ्या बोर्डावरचं वायफाय नावापुरतं आहे: इंटेलचं जुनं एसी ३१६८, जास्तीत जास्त ४३३ एमबीपीएसचं, एकाच वाटेचं. मोबाइलवरून फाइल घ्यायला पुरतं, पण फक्त वायफायवर अवलंबून असाल तर दुसरा बोर्ड बघा. माझ्याकडे लॅनची केबल आहे आणि बोर्डाचं लॅन एक गिगाबिटचं आहे, ते बरोबर चालतं. साटाची पोर्ट चारच, जुन्या हार्ड डिस्कांची रास असणाऱ्याला कमी पडतील. आणि एएम४ चा रस्ता पुढं बंद आहे, हे वर सांगितलंच.

बोर्डाइतकीच काळजी त्याच्या आजूबाजूची घ्या. निपाणीत तंबाखूच्या वखारी जवळ आहेत, हंगामात हवेत बारीक पिवळट धूळ असते. जुन्या मशीनचा पंखा उघडला तेव्हा पात्यांवर तिचा चिकट थर बसलेला होता. नव्या कॅबिनेटला पुढं जाळी असलेलंच घेतलं आणि ती जाळी काढून धुता येते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नका. या बोर्डाला प्रोसेसरसाठी आठ पिनांची वायर लागते, ती असलेला चांगल्या कंपनीचा घ्या. दुकानाची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवा बोर्ड तिथं लावूच नका.

खरेदी कोल्हापूरला करायची की बेळगावला, हा आमच्याकडचा कायमचा प्रश्न. कोल्हापूर जवळ पडतं. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच. भावात जो फरक पडतो तो दुकानादुकानांतला असतो, सीमेचा नाही. मी बेळगावला घेतला, कारण तिथल्या दुकानदारानं खोका माझ्यासमोर उघडला, बोर्डावरचा सीरियल नंबर दाखवला, आणि तोच नंबर बिलावर घातला. त्याआधी एका दुकानात पक्कं बिल मागितल्यावर भाव एकदम वर गेला होता. तिथून मी उठले. एमएसआयची बोर्डावरची वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि ती मिळवायची तर बिल आणि नंबर दोन्ही जुळायला हवेत. बोर्ड बिघडला तर दुकानदार स्वतः पाठवून देणार की तुम्हालाच सर्व्हिस सेंटर गाठावं लागणार, हेही पैसे देण्याआधीच विचारून घ्या.

खोका आणि आतली काळी पिशवी टाकून देऊ नका, तीन वर्षं माळ्यावर राहू द्या. बिलाचा कागद उन्हाळ्यात उडून कोरा होतो, त्याचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.